पेशवे दरबारातील इंग्रज वकील आणि बोरघाट : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दोन राज्यांमधील संबंध केवळ रणांगणावर ठरत नाहीत. ते दरबारात, खलित्यांत आणि वकिलांच्या मुत्सद्देगिरीतही घडत असतात. मराठेशाहीत परराज्याच्या दरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीस 'वकील' अशी संज्ञा होती. पुणे दरबारचे वकील म्हणून दिल्लीत हिंगणे घराण्याने आणि हैदराबादेत गोविंदराव काळे यांनी बजावलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. ईस्ट इंडिया कंपनीनेही पेशव्यांकडे वेळोवेळी आपले वकील पाठविले. इ. स. १७३९ ते १८१७ या पाऊणशे वर्षांहून अधिक काळात या वकिलांचे स्वरूप कसे पालटत गेले, आणि मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाट व त्याच्या पायथ्याचा खालापूर-कर्जत परिसर यांचा त्याच्याशी कोणता संबंध होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घाटाचे भौगोलिक महत्त्व :

मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरास उतरे. तेथून चौक, खालापूर, खोपोली असा मार्ग आक्रमून तो बोरघाट चढे व खंडाळ्यास पोहोचे. घाटमाथ्यावरील राजमाची आणि कर्जत भागातील कोतळीगड हे किल्ले या परिसरातील वाटांवर लक्ष ठेवून होते. या मुलखातील डोंगरवाटांचे लष्करी मोल शिवकाळातच सिद्ध झाले होते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेची कोंडी केली होती. खोपोली येथे नाना फडणविसांनी बांधविलेले महादेवाचे मंदिर व विस्तीर्ण तलाव आजही आहे. घाट चढण्यापूर्वी विसाव्याचे हे ठिकाण पेशवाईच्या कारभाऱ्यास किती महत्त्वाचे वाटत होते, याची ही वास्तू साक्ष देते.

याचक वकिलांचा कालखंड (१७३९ ते १७७४) :

मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला आणि मुंबईकर इंग्रजांना धास्ती वाटू लागली. त्यांनी कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजी अप्पांकडे वसईस, तर कॅप्टन विल्यम गॉर्डन यास शाहू महाराजांकडे साताऱ्यास पाठविले. इंचबर्डने त्याच वर्षी व्यापारविषयक तह घडवून आणला. १७५९ मध्ये विल्यम अँड्र्यू प्राइस पुण्यास आला. १७६७ मध्ये थोरल्या माधवरावांच्या दरबारी टॉमस मॉस्टिन आला. या साऱ्यांची भूमिका सवलती मागणाऱ्या व्यापाऱ्याची होती. तथापि दरबारातील भेदांची माहिती मिळविणे हा त्यांच्या कामाचा तितकाच महत्त्वाचा भाग होता. मॉस्टिनच्या सोबत आलेला ब्रोम हा राघोबादादांच्या भेटीस नाशिककडे गेला, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

१७७२ मध्ये मॉस्टिन पुन्हा पुण्यास आला व या खेपेस तेथे वास्तव्य करून राहिला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा तो पुण्यातच होता. पेशव्यांच्या घरातील दुहीचा लाभ कसा घेता येईल, याचे ज्ञान मुंबईस मिळण्याची वाट अशा रीतीने तयार झाली होती. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि ६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांशी सुरतेचा तह केला.

वकिलीकडून युद्धाकडे : बोरघाटातील दोन मोहिमा :

कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला सुरतेचा तह मान्य नव्हता. त्याने पाठविलेल्या कर्नल अप्टनने १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. एकाच कंपनीचे दोन प्रतिनिधी दोन परस्परविरोधी तह करतात, हे पाहून पुणे दरबाराचा इंग्रजांवरील अविश्वास वाढला. १७७७ मध्ये फ्रेंच वकील सें ल्युबें पुण्यास आला. नाना फडणविसांनी त्याचा सत्कार करून इंग्रजांना शह दिला. त्याच वर्षी पुण्यास परतलेल्या मॉस्टिनने हा धोका मुंबईस कळविला.

१७७८ च्या अखेरीस राघोबादादांना घेऊन इंग्रज फौज पनवेलहून निघाली. मोहिमेच्या समितीत कर्नल एगर्टन व कार्नॅक यांच्यासह मॉस्टिनचाही समावेश होता. ज्या दरबारी आपण वकील म्हणून बसलो, त्यावर चालून जाणाऱ्या फौजेचा तो सल्लागार झाला. मात्र आजारामुळे त्यास मुंबईस परतावे लागले व जानेवारी १७७९ च्या आरंभी तो मरण पावला. तोफा व रसद घाटावर चढविण्यात फौजेचे अनेक दिवस खर्ची पडले. मराठ्यांनी पुढील मुलूख उजाड करून तिची कोंडी केली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. तोच मराठी परंपरेत 'इष्टुर फाकडा' म्हणून ओळखला जातो. अखेर वडगाव येथे १६ जानेवारी १७७९ रोजी इंग्रजांना मानहानीकारक करार करावा लागला व फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट यांना ओलीस ठेवावे लागले.

फेब्रुवारी १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने पुन्हा बोरघाट घेतला. घाट ताब्यात येताच नाना तहास उतरतील, हा त्याचा अंदाज मात्र फोल ठरला. हरिपंत फडके, तुकोजी होळकर व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याची रसद तोडली. एप्रिलमध्ये मोठी हानी सोसून त्यास पनवेलपर्यंत माघार घ्यावी लागली. खालापूरच्या रयतेच्या शेताशिवारांतून अवघ्या अडीच वर्षांत दोनदा फौजा गेल्या. दरबारी वाटाघाटी फसल्याची किंमत वाटेवरील गावांना अशी मोजावी लागली.

स्थायी रेसिडेन्सी (१७८६ ते १८०१) :

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्ध थांबले. त्यानंतर १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा पुण्याचा रेसिडेंट झाला. इंग्रजांशी होणारा व्यवहार आपल्यामार्फत व्हावा, अशी इच्छा असल्याने महादजी शिंदे यांचा या नेमणुकीस आरंभी विरोध होता. मॅलेट मुळा-मुठेच्या संगमावर राहू लागला. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम व पेशवे यांचा त्रिवर्ग करार त्याच्या प्रयत्नाने झाला. जेम्स वेल्स या चित्रकारास त्याने आश्रय दिला व गंगाराम तांबट यासारख्या मराठी कलावंताकडून वेरूळची चित्रे काढून घेतली. त्याच्यानंतर १७९८ मध्ये विल्यम पामर आला.

मराठ्यांच्या बाजूने इंग्लंडात स्थायी वकील कधीच नव्हता. १७८१ मध्ये राघोबादादांचा वकील हणमंतराव लंडनला पोहोचला व एडमंड बर्कने त्याचा पाहुणचार केला, हा एक अपवाद. पण तोही दरबाराचा नव्हे, तर एका पदच्युत पक्षाचा वकील होता. इंग्रजांना पुण्याची खडान्‌खडा बातमी मिळे. पुण्याला मात्र लंडनच्या सत्ताकेंद्राचे प्रत्यक्ष ज्ञान नव्हते.

वकील ते शासक (१८०१ ते १८१८) :

१३ मार्च १८०० रोजी नाना फडणविसांचे निधन झाले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बॅरी क्लोज याने दुसऱ्या बाजीरावाकडून वसईच्या तहावर मान्यता मिळविली. तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली. बोरघाटात दोनदा अडलेली सत्ता एका कागदाने घाटावर पोहोचली. १८११ मध्ये आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा तर दरबाराचा निरीक्षक राहिला नाही, नियंताच बनला. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. त्यानंतर एल्फिन्स्टनने त्रिंबकजी डेंगळे यास स्वाधीन करण्यास पेशव्यांना भाग पाडले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, संगमावरील रेसिडेन्सी जळाली आणि वकिलीचे पर्व संपले. डिसेंबर १८१७ मध्ये कोतळीगड व १८१८ मध्ये राजमाची इंग्रजांकडे गेली.

निष्कर्ष :

इंग्रज वकिलांचा हा प्रवास याचक, वार्ताहर, भागीदार व शासक अशा चार टप्प्यांचा आहे. जोवर दरबार एकसंध होता, तोवर बोरघाट अभेद्य ठरला. दरबार दुभंगताच घाटाचे संरक्षण निरर्थक झाले. १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातील गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते खुला झाला. माल्कम हे स्वतः इराणच्या दरबारी कंपनीचे वकील राहिलेले आणि १८१८ मध्ये बाजीरावाची शरणागती स्वीकारणारे मुत्सद्दी होते. खोपोलीचा नानांचा तलाव आणि माल्कमचा रस्ता या एकाच वाटेवरील दोन खुणा होत. सीमेचे रक्षण डोंगर करीत नाहीत, तर घरातील एकोपा व परक्या सत्तेचे नेमके ज्ञान करते, हे त्या दोन्ही खुणांमधून स्पष्ट होते.