इंग्रजी व्याकरण : प्राथमिक परिचय

इंग्रजी भाषेतील पदांची रूपे, त्यांचे परस्परसंबंध आणि वाक्यरचनेचे नियम यांचे विवेचन करणारे शास्त्र. या भाषेचे पहिले ज्ञात व्याकरण विल्यम बुलोकर याने 1586 मध्ये लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर रचले. पुढे रॉबर्ट लोथ (1762) व लिंडले मरे (1795) यांच्या ग्रंथांनी शालेय शिक्षणात त्यास स्थैर्य आणले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणातील शब्दांच्या आठ जातींची व्यवस्था त्यांच्यापुढे होती. म्हणून नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद व चार अव्यये हा तपशील मराठी विद्यार्थ्यास नव्याने शिकावा लागत नाही.

पदक्रम : प्राचीन इंग्रजीत नामांना विभक्ती व लिंगभेद होते, परंतु नॉर्मन विजयाच्या (1066) आगेमागे सुरू असलेला प्रत्ययलोप पुढील शतकांत पूर्ण होऊन अर्थनिर्णयाचा भार पदांच्या स्थानावर येऊन पडला. मराठीत ‘वाघाने माणसाला मारले’ व ‘माणसाला वाघाने मारले’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच राहतो, कारण कर्ता व कर्म प्रत्ययाने ओळखता येतात. याउलट ‘द टायगर किल्ड द मॅन’ यातील नामांची अदलाबदल करताच मारणारा माणूस ठरतो आणि मरणारा वाघ. कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम म्हणूनच या भाषेचा मूळ कायदा होय. ज्या संबंधाकरिता मराठी नामापुढे शब्दयोगी अव्यय जोडते, त्याकरिता इंग्रजी नामाच्या आधी अव्यय ठेवते : टेबलावर, ‘ऑन द टेबल’.

लिंग व वचन : निर्जीव वस्तूंना सामान्यतः ‘इट’ हे एकच सर्वनाम लागते आणि विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही, ‘गुड बॉय’, ‘गुड गर्ल्स’ यांत ‘गुड’ तसेच राहते. अनेकवचन बहुधा सकारान्त असते. ‘मेन’, ‘चिल्ड्रेन’ यांसारखी रूपे जुन्या पद्धतीचे अवशेष आहेत.

उपपदे : मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांना नेमका प्रतिशब्द नसल्याने चुकांचा मोठा भाग येथेच घडतो. मोजता येणाऱ्या एकवचनी वस्तूचा प्रथम निर्देश ‘ए’ने होतो व ज्ञात वस्तूचा ‘द’ने. ‘ए’ की ‘ॲन’ याचा निवाडा लिखित अक्षरावरून न होता उच्चारावरून होतो. सबब ‘ॲन अवर’, पण ‘ए युनिव्हर्सिटी’.

क्रियापद : रूपाने पाहता वर्तमान व भूत हे दोनच काळ असून भविष्याचा बोध ‘विल’, ‘शॅल’ या साहाय्यक क्रियापदांनी होतो. वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनात सकार येतो : ‘आय रीड’, ‘ही रीड्स’. सामान्य क्रियापदाचा प्रश्न अथवा निषेध ‘डू’च्या साहाय्याने होतो आणि काळाचा प्रत्यय त्या साहाय्यकाकडे गेल्याने मूळ क्रियापद अविकृत राहते, म्हणून ‘डिड यू वेन्ट’ हे अशुद्ध व ‘डिड यू गो’ हे शुद्ध. ‘मी त्याला पाहिले आहे’ या अर्थी ‘आय हॅव सीन हिम’ म्हणता येते. परंतु ‘काल’ असा निश्चित गतकाळ सांगताच ‘आय सॉ हिम यस्टरडे’ हेच रूप घ्यावे लागते.

अभ्यासक्रम : नवशिक्याने व्याख्या मुखोद्गत करण्यापूर्वी छोट्या वाक्यांतून पदक्रम दृढ करावा, त्यानंतर साहाय्यक क्रियापदांचे प्रश्न व निषेध घोटावेत, आणि उपपदे व शब्दयोगी अव्यये, ज्यांचा पुष्कळसा व्यवहार रूढीवर चालतो, ती सततच्या वाचनाने आत्मसात करावीत. मराठी वाक्य मनात जुळवून त्याचे शब्दशः रूपांतर करण्याची सवय जितक्या लवकर सुटेल, तितके इंग्रजी लेखन लवकर शुद्ध होईल.