सायकलीच्या सांगाड्याची लांबी : एक ऐतिहासिक विवेचन

सायकलीच्या इतिहासाची चर्चा बहुधा चाक, साखळी व टायर यांच्या अनुषंगाने केली जाते. सांगाड्याच्या लांबीकडे, म्हणजे दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतराकडे, त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. वस्तुतः स्वाराची सुरक्षितता, त्याचा आराम आणि वाहनाची नित्य उपयुक्तता या तिन्ही गोष्टी या अंतराशी निगडित आहेत.

१८१७ साली कार्ल ड्राइस याने मानहाइम येथे चालविलेल्या लाकडी दुचाकीत स्वार दोन चाकांच्या मध्ये बसे व पायांनी जमीन रेटीत पुढे जाई. १८६० नंतर फ्रान्समध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पॅडल जोडण्यात आले. पॅडलच्या एका फेऱ्यास चाकाचा एकच फेरा होत असल्याने वेगासाठी चाक मोठे करणे क्रमप्राप्त झाले. परिणामी १८७० नंतरच्या उंच सायकलीवर स्वार जवळजवळ पुढच्या आसाच्या वर जाऊन बसला. चाक दगडास अडताच तो डोक्यावर आपटे. साहजिकच हे वाहन मुख्यतः धाडसी तरुणांपुरते मर्यादित राहिले.

१८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकलीत साखळीच्या साह्याने मागचे चाक फिरविले आणि स्वारास पुन्हा दोन चाकांच्या मध्ये आणले. १८८८ मध्ये डनलॉपच्या हवेच्या टायरची जोड मिळाली व स्त्रिया आणि प्रौढ यांनाही सायकल खुली झाली. श्रेय टायरला दिले जाते. परंतु स्वाराचे स्थान त्यापूर्वीच बदलले होते, हे विसरता येत नाही.

लांबीचा परिणाम गणिताने स्पष्ट होतो. ५ सेंटिमीटर उंचवट्यावर एक चाक चढले असता १ मीटर अंतराची सायकल सुमारे ३ अंशांनी कलते. अंतर दीड मीटर असल्यास हा कल सुमारे २ अंश राहतो. तसेच मागचा आस बैठकीपासून दूर असल्यास कॅरिअरवरील भार त्याच्या पलीकडे जात नाही व पुढचे चाक हलके पडत नाही. इंग्लंडमधून भारतात आलेल्या साध्या सायकलीचा सांगाडा याच कारणाने लांब होता. दुधाचे कॅन वा 'डबलसीट' बसलेला सोबती घेऊन ती खडबडीत रस्त्यावर संथपणे चाले. शर्यतीच्या आखूड सायकलीशी तुलना करून तिला मागासलेली ठरविणे अन्यायाचे होय. दोहोंची प्रयोजनेच भिन्न आहेत.

अर्थात लांबीचे मूल्य चुकवावे लागते. हँडल तितकेच वळविले तरी लांब सायकलीस वळण्यास अधिक जागा लागते; अरुंद जिन्यात व बोळात ती अडते. या विरोधावरील एक उत्तर लंडनमध्ये १९७० नंतरच्या दशकात अँड्र्यू रिची याने रचलेल्या 'ब्रॉम्प्टन' या घडीच्या सायकलीत दिसते. तिची चाके १६ इंची असली तरी आसांमधील अंतर १ मीटरहून थोडे अधिकच आहे. घडी केल्यावर मात्र ती टेबलाखाली मावते. चालविण्याची लांबी आणि ठेवण्याची लांबी यांची येथे फारकत झाली.

तात्पर्य, सायकलीची योग्य लांबी एकच नाही. ती रस्ता, ओझे आणि घर या तिघांनी मिळून ठरविली आहे. म्हणूनच सायकलीचा इतिहास केवळ वेगाच्या मापाने लिहिणे अपुरे ठरते.