काचेच्या कपाटापुढचा परदेशी पाहुणा

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार ओळी लिहा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. आम्ही पंडित नव्हे. उमेदीची वर्षे मुंबईच्या गिरणीत, साचे खात्यात गेली. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली ती थांबलीच, आणि आम्ही देवगडला परत आलो. जे काही वाचले ते रातपाळी सुटल्यावर चाळीच्या वाचनालयात. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी, आणि मुद्दा पटला तर त्यावर विचार करावा, एवढीच वाचक बंधू-भगिनींना विनंती.

आपल्या वाडीतली काही मंडळी, माता-भगिनी आणि शाळा-कॉलेजातली मुले मिळून आम्ही कोल्हापूरला सहल काढली होती. नांदगाववरून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे गेलो. आधी बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यांना वंदन केले. हे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत उभे राहिले, ही गोष्ट मुलांना सांगितली. तिथून टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय पाहायला गेलो. खरे सांगायचे तर दुपारचे ऊन टाळायचे, एवढाच तेव्हा विचार होता.

आत शिरलो आणि आमची मंडळी नेहमीप्रमाणे भराभर पुढे सरकू लागली. तोफा पाहिल्या, तलवारी पाहिल्या, झाले! एका कपाटापुढे मात्र साठीच्या घरातले एक परदेशी जोडपे उभे होते. वहीत काहीतरी लिहीत होते, पुन्हा वाकून पाहत होते. आम्ही एक फेरी मारून आलो तरी ते तिथेच. आत पाहतो तर वीतभरही उंच नसलेली एक धातूची मूर्ती. आमच्यातल्या एका आजीने विचारले, "ह्यो एवढोसो बावलो बघूक तो साता समुद्रापलीकडसून इलो?"

आम्ही हसलो. पण आपल्या वाडीतली कॉलेजात शिकणारी एक मुलगी धीट निघाली. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "आम्ही हीच मूर्ती पाहायला मुद्दाम आलो आहोत. तुम्ही कुठले?" तिने सांगितले, "समुद्रकाठचे. देवगडचे." त्यावर ते म्हणाले, "मग ही तुमच्याच समुद्रावरून आली असणार. तुमच्याकडे लोक याबद्दल काय सांगतात?"

मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. सांगण्यासारखे कुणाकडेच काही नव्हते. पाहुणा घरच्यासारखा उभा होता आणि घरचे आम्ही पाहुण्यासारखे गप्प! परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत तो प्रश्न मनातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जे वाचले, ते इथे मांडत आहोत.

ती मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन लोकांच्या समुद्रदेवतेची. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. १९४४-४५ च्या सुमारास तिथे प्राचीन वस्तीचे अवशेष उजेडात आले, आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहन काळातली घरे निघाली, नाणी निघाली, मणी निघाले. कांस्याच्या वस्तूंत हा पोसायडन होता, रोमन बनावटीचा जग होता, आणि पाठीवर माणसे बसलेला सुंदर हत्तीही होता. रोमचा माल सह्याद्री चढून कोल्हापुरापर्यंत पोहोचत होता, याचा हा पुरावा.

हा माल आला कसा? त्या काळी तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत आणि थंडीतल्या ईशान्य वाऱ्यावर परत जात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. तीत सोपारा, कल्याण, चौल आणि त्याखालच्या किनाऱ्यावरची बंदरे येतात. बंदरावर उतरलेला माल बैलांच्या तांड्यांवरून घाट चढे. आमची गाडी ज्या सह्याद्रीतून धापा टाकत गेली, त्याच सह्याद्रीच्या घाटवाटा या!

आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. इटलीतले पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या महाराष्ट्रात तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत. म्हणजे त्यांची मूर्ती कोल्हापूरच्या कपाटात आणि आपल्याकडची नेपल्सच्या संग्रहालयात! २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्राचीन बौद्ध कलेचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात कोल्हापूरचा हा पोसायडनही गेला होता. आम्ही ज्याला बाहुला म्हणून हसलो, तो जग फिरून आला.

आता कुणी म्हणेल, व्यापाऱ्यांच्या गोष्टीचा आपल्या विहाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे तिसरी धम्मसंगीती झाली आणि देशोदेशी धम्मदूत पाठवले गेले. महेंद्र लंकेला गेले हे आपण सर्व जाणतो. पण अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणपट्टीला, कोण आले? 'महावंस' या पाली ग्रंथात नाव दिले आहे, योन धम्मरक्खित. योन म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा माणूस! कोकणात धम्म घेऊन आलेल्या ज्या पहिल्या धम्मदूताचे नाव ग्रंथात टिकले, तो जन्माने परका होता. पण त्याला परका म्हणायची आमची तरी जीभ रेटत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. तिथल्या कित्येक खांबांवर दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची नावे आहेत. त्याच लेण्यात त्याच धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव आहे आणि एका अत्तरविक्याचेही आहे. परदेशी आणि देशी, श्रीमंत आणि कारागीर, सगळे एका छताखाली. कोण कुठल्या जातीचा, हे तिथे कुणी विचारलेले दिसत नाही. या माणसाने दान दिले, एवढेच लिहिले आहे.

आम्ही गिरणी कामगार, म्हणून नाशिकच्या लेण्यातला एक लेख आम्हाला विशेष प्रिय आहे. १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याने तो कोरून घेतला. हा शक, म्हणजे तोही बाहेरून आलेल्या कुळातला. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापण ठेव ठेवली. कुठे? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे! एकीकडे २०००, दुसरीकडे १०००. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. त्यातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. करा गुणाकार, हिशेब बरोबर जुळतो! सुमारे १९०० वर्षांपूर्वी राजाचा जावई विणकरांच्या संघटनेवर बँकेसारखा भरवसा ठेवत होता. संप, टाळेबंदी आणि थकलेली देणी पाहिलेल्या कामगाराला हे वाचून काय वाटले असेल, ते शब्दांत सांगता येत नाही.

कोल्हापूरही याला अपवाद नाही. १९ व्या शतकात त्या शहरात एका मोठ्या स्तूपाचे अवशेष सापडले. आतल्या धातुकरंडकाच्या दगडी पेटीवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्या 'बम्ह' याचे आणि ते काम करवणाऱ्या 'धमगुत' याचे नाव होते. म्हणजे आम्ही पाहुणे म्हणून ज्या शहरात गेलो, तिथे धम्म आमच्याआधी दोन हजार वर्षे नांदत होता!

पुढे सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने इथे शंभरावर विहार आणि ५००० भिक्खू असल्याचे लिहून ठेवले. खरा प्रवासी असा असतो. तो आधी भाषा शिकला, मग प्रश्न विचारले, मग लिहिले.

त्यानंतर मोठा काळोख आला. विहार ओस पडले, अक्षरे वाचणारे उरले नाहीत. लेण्यांना लोक पांडवांची लेणी म्हणू लागले. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दरीत पोहोचला आणि १० क्रमांकाच्या लेण्यात, रंगवलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख खरडून आला. कार्ल्याच्या खांबावर यवनाचे नाव आहे आणि अजिंठ्याच्या खांबावर स्मिथचे. दोघेही परके. पण एकाने खांब दिला आणि दुसऱ्याने खांब खराब केला. आज आपली मुले किल्ल्यांवर आणि लेण्यांत कोळशाने नावे लिहितात, तेव्हा ती कुणाच्या वाटेने जातात, याचा आई-वडिलांनी विचार करावा.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. त्याची किल्ली कुठे सापडली? सांचीच्या कठड्यांवर अनेक लहान लेख होते आणि बहुतेकांच्या शेवटी तीच अक्षरे येत होती. त्याने ताडले की ही देणगीदारांची नावे असणार आणि शेवटचा शब्द असणार 'दानं'. शेकडो वर्षे मुकी झालेली लिपी बोलू लागली ती या शब्दाने! पुढे आपल्याकडच्या भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकलला आणि तिथेच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला.

परंतु हा शोध लागत असताना आमचे पूर्वज कुठे होते? त्यांना पाटी-पेन्सिलही धरू दिली जात नव्हती. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या टाकीतल्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले, तर अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून जमाव धावून आला. किल्ला पाहायचा तर कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यात पाहावा लागला. परदेशात शिकून आलेल्या महामानवाची आपल्याच देशात ही गत! हा प्रसंग ज्या आठवणींत त्यांनी लिहिला, त्यांचे नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. या नावातच सगळे आले.

आज तो पहारा नाही. संग्रहालयाचे दार आपल्याला उघडे आहे. परदेशी माणसाला आपल्याकडच्या मोठ्या लेण्यांवर आपल्याहून जास्त पैशांचे तिकीट पडते, तरी तो येतो, थांबतो, विचारतो. आपण मात्र पाच मिनिटांत बाहेर पडून भेळेची गाडी शोधतो. दार उघडे असताना आपणच परके राहिलो, तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून आमची एक सूचना आहे. पुढच्या सहलीला प्रत्येक मुलाच्या हाती एक वही द्यावी. कपाटापुढे उभे राहून तीन गोष्टी लिहाव्यात. ही वस्तू कुठे सापडली? कुणी घडवली? कुणी दिली? यापलीकडे पांडित्य लागत नाही. आणि लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातच मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर आदिमानवाने कोरलेली चित्रे आहेत. कोकणातल्या अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. जांभा काढताना, रस्ता करताना असे काही दिसले तर घण घालण्याआधी ग्रामपंचायतीला कळवा.

शेवटी एवढेच. या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची यादी असते. कुणी चिरे दिले, कुणी सिमेंट, कुणी आंब्याच्या हंगामातली मजुरी दिली, मुंबईकरांनी पगारातून वर्गणी पाठवली. बहुतेक जण ती यादी आपले नाव बरोबर छापले आहे ना, एवढ्यासाठी पाहतात. आम्ही म्हणतो, ती जपून ठेवा. कार्ल्याच्या खांबांवर आहे ती अशीच यादी आहे.

त्या मुलीने आता ब्राह्मीची मुळाक्षरे गिरवायला घेतली आहेत. परवा तिने वहीत पहिला शब्द लिहून आम्हाला आणून दाखवला. आजींनी विचारले, "काय लिवलंस गे?" ती म्हणाली, "दानं."

जयभीम!