लग्नापायी विकलेलं गाणं

लग्नापायी माणसं जमिनी विकतात. लॉस एंजेलिसच्या रिचर्ड बेरीने गाणं विकलं! ‘लुई लुई’ हे त्याने १९५७ साली रेकॉर्ड केलेलं गाणं. प्रेयसीकडे निघालेल्या खलाशाची साधी तळमळ. लग्नखर्चासाठी त्याने ते आणखी काही गाण्यांसकट साडेसातशे डॉलरना देऊन टाकलं.

१९६३ साली पोर्टलंडच्या ‘किंग्जमेन’ मंडळींनी ते पुन्हा म्हटलं. माइक उंच टांगलेला, गाणारा मान वर करून ओरडतोय. शब्द एक कळेल तर शपथ! आम्ही अशा वेळी ‘वा’ म्हणून मान डोलावतो. अमेरिकन पालक म्हणाले, कळत नाही त्याअर्थी अश्लीलच असणार! १९६४ साली एकाने थेट अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र धाडलं. एफ.बी.आय.ने तबकडी निरनिराळ्या वेगांनी फिरवून ऐकली आणि निष्कर्ष काढला: काही कळत नाही. एवढ्यासाठी आमच्या शेजाऱ्यांना विचारलं असतं तरी चाललं असतं.

पुढे हजारावर मंडळींनी ते गायलं. खपाचा पैसा मात्र भलत्यांच्याच खिशात. १९८०च्या दशकात एका मद्याच्या जाहिरातीसाठी बेरीची सही हवी झाली, तेव्हा कुठे तो सापडला, आईच्या घरी. मग त्याने हक्क परत मिळवले नि लक्षाधीश झाला. मला त्याचा हेवा वाटत नाही. लग्नाचं कर्ज फिटायला तीस वर्षं लागतातच.