गव्हाचें कोठार आणि शेतकऱ्याचें मत

कॅनडाच्या पश्चिम भागांत मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा हे तीन प्रांत आहेत. तेथील सपाट माळावर गव्हाचीं शेतें क्षितिजापर्यंत पसरलेलीं असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या भागांतील गांवोगांवीं रेल्वेच्या रुळांलगत धान्याचें एक उंच लांकडी कोठार दृष्टीस पडे. शेतकऱ्यानें गाडी भरून गहूं आणावा, तेथें तो तोलला जावा, त्याची प्रत ठरावी, आणि मग आगगाडीनें तो दूरच्या बंदराकडे रवाना व्हावा, असा क्रम असे. जगाच्या बाजारांत प्रवेश देणारा शेतकऱ्याचा दरवाजा तो हाच. तो केव्हां आणि किती उघडावा हें कोणी ठरवावयाचें, या एका प्रश्नानें तेथील शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या अस्वस्थ केल्या.

प्रारंभीं हा दरवाजा रेल्वे आणि धान्यकंपन्या यांच्या हातीं होता. कंपन्यांना डबे आधीं मिळत आणि शेतकरी तिष्ठत राही. १९०१ सालीं शेतकऱ्यांनीं आपला संघ स्थापन केला, आणि १९०२ मध्यें सिंटालूटा या लहानशा गांवच्या रेल्वे अधिकाऱ्यावर खटला भरून तो जिंकला. नोंदीच्या क्रमानें डबे न दिल्याबद्दल तो अधिकारी दोषी ठरला. पुढें सहकारी विक्रीसंघ निघाले. परंतु १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत तेही कोलमडले. अखेर १९३५ सालीं सरकारनें 'कॅनेडियन व्हीट बोर्ड' हें मंडळ स्थापन केलें. त्याला गहूं देणें प्रथम ऐच्छिक होतें. १९४३ मध्यें युद्धकालीन हुकुमानें विनिपेगच्या बाजारांतील गव्हाचे वायदे बंद झाले आणि गहूं मंडळालाच देणें सक्तीचें झालें. अनेक शेतकरी संघटनांना असें मंडळ हवेंच होतें. तथापि ही सक्ती आली ती हुकुमानें, मतदानानें नव्हे.

मंडळाची पद्धति तत्त्वतः न्याय्य होती. सर्वांचा गहूं एकत्र विकावयाचा. माल देतांच कांहीं रक्कम हातीं द्यावयाची, आणि वर्षाचा हिशेब झाल्यावर उरलेली रक्कम प्रतवारीनुसार सारख्या दरानें वांटावयाची. प्रत्येक शेतकऱ्याजवळ एक परवाना-पुस्तक असे. एकरीं किती बुशेल गहूं आणावा याचा कोटा मंडळ जाहीर करी, आणि आणलेला माल त्या पुस्तकांत नोंदला जाई. बुशेल म्हणजे सुमारें २७ किलो. कोठारांतील मर्यादित जागा बड्या शेतकऱ्यानें बळकावूं नये, हा त्यामागील हेतु.

परंतु १९५० नंतरच्या दशकांत भरघोस पिकें आलीं आणि निर्यात तितकी वाढली नाहीं. कोठारें तुडुंब भरलीं, कोटा आटला, आणि गहूं शेतावर राशींनीं पडून राहिला. धान्य अमाप आणि हातीं रोकड नाहीं, अशी अवस्था झाली. १९५७ सालीं न विकलेल्या धान्यावर आगाऊ रक्कम देण्याचा कायदा झाला, तेव्हां थोडा दिलासा मिळाला. १९७० मध्यें तर कोटा हेंच पेरणी कमी करण्याचें साधन बनलें. गव्हाखालील जमिनीऐवजीं मुख्यतः पडीक ठेवलेल्या जमिनीवर कोटा देण्यांत आला, आणि त्या वर्षीं गव्हाचें क्षेत्र सुमारें निम्म्यावर आलें.

हे नियम ठरविणारे आयुक्त सरकार नेमीत असे. १९७५ पासून शेतकऱ्यांनीं निवडलेली सल्लागार समिति आली. पण तिच्या हातीं सल्ल्यापलीकडे कांहीं नव्हतें. कोट्याच्या त्रासाहून ही गोष्ट अधिक सले. कांहीं शेतकऱ्यांनीं परवान्याशिवाय आपलें धान्य अमेरिकेच्या हद्दींत नेलें. २००२ सालीं अल्बर्टांतील तेरा शेतकऱ्यांनीं दंड भरण्याऐवजीं तुरुंग पत्करला. इतरांना मात्र मंडळ हीच दुबळ्याची ढाल वाटे. १९९८ मध्यें कायदा सुधारला. पंधरांपैकीं दहा संचालक शेतकरी निवडूं लागले, आणि महत्त्वाचा बदल करण्यापूर्वीं त्यांचें मत घ्यावें असें कलमही आलें.

तरीही इतिहासाची पुनरावृत्ति टळली नाहीं. २०११ सालीं सरकारनें मंडळाची मक्तेदारी मोडण्याचें ठरविलें, पण मतदान घेतलें नाहीं. मंडळानें स्वतः घेतलेल्या कौलांत शेंकडा ६२ मतें गव्हाची मक्तेदारी राखण्याच्या बाजूनें पडलीं. बार्लीच्या बाबतींत तें प्रमाण ५१ होतें. डिसेंबरांत एका न्यायाधीशानें सरकारचें वर्तन कायद्याविरुद्ध ठरविलें. पुढील वर्षीं अपिलांत तो निर्णय फिरला. १ ऑगस्ट २०१२ रोजीं मक्तेदारी संपली.

महाराष्ट्रांत १९७२ सालीं सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कथा परकी वाटूं नये. मक्तेदारी भली कीं मोकळा बाजार भला, यावर कॅनडांतील शेतकऱ्यांत शेवटपर्यंत एकमत झालें नाहीं. पण ती लादणारें सरकार आणि ती मोडणारें सरकार यांत एक साम्य होतें: निर्णय शेतकऱ्याच्या हिताचा म्हणून घेतला गेला, आणि त्यावर त्याचा कौल घेण्याचें मात्र राहून गेलें.