काळ्या मातीतील जीप : यवतमाळ जिल्ह्यातील एका वाहनाच्या पुनर्बांधणीचा इतिहास

पूर्वेकडे वर्धा आणि दक्षिणेकडे पैनगंगा या नद्यांनी वेढलेल्या यवतमाळ जिल्ह्यात प्रवासाचा प्रश्न अंतरापेक्षा जमिनीने अधिक बिकट केलेला आहे. येथील काळी कापसाची माती ही पाणी शोषून फुगणाऱ्या आणि वाळताना आकसून भेगाळणाऱ्या चिकणमातीची बनलेली असून, पावसाळ्यात ती चाकाला थरावर थर अशी चिकटत जाते आणि अखेर चाक व मडगार्ड यांच्यामधली जागा भरून चाकाचे फिरणेच थांबवते. यवतमाळ, घाटंजी, पुसद या पठारी व डोंगराळ भागांत बहुतेक ठिकाणी हा थर पातळ असून त्याखाली लवकरच मुरूम लागतो. वणी, राळेगाव किंवा उमरखेडच्या नदीकाठच्या पट्ट्यात मात्र तो खोल जातो, आणि तेथे वाफसा येईपर्यंत, म्हणजे ओल ओसरून जमीन पाय व अवजार पेलण्याजोगी होईपर्यंत, थांबण्यावाचून कोणत्याही वाहनाला फारसा इलाज नसतो. या जिल्ह्यातील वाहनांचा इतिहास हा त्यामुळे नव्या यंत्रांच्या आगमनाचा जितका आहे, तितकाच आलेले यंत्र या मातीच्या मापाने पुन्हा बांधून घेण्याचा आहे.

रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडचा कापूस बंजारा तांड्यांच्या लमाणी बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. चाकच नसल्यामुळे चाक रुतण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, परंतु पाठीवर वाहता येणाऱ्या वजनाला मर्यादा होती. पुढे १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मापाचा फाटा सुरू झाला, आणि कापसाची लांबची वाहतूक आगगाडीकडे जाऊन शेतापासून जिनिंगपर्यंतचे अंतर तेवढे बंडीकडे, म्हणजे बैलगाडीकडे, राहिले. ही बंडी कधीही एकदाच तयार होऊन पुरी झालेली वस्तू नव्हती. चाकाचे आरे सैल झाले की सुतार ते बदलत असे. लाकडी चाकावर बसवलेला लोखंडी पट्टा, ज्याला धाव म्हणतात, तो झिजला वा ढिला झाला की लोहार तो तापवून पुन्हा चढवत असे. आणि लाकडी आसाच्या जागी लोखंडी आस, पुढे काही ठिकाणी धावेच्या जागी हवा भरलेले रबरी टायर, असे बदल त्याच जुन्या साट्याखाली होत गेले. मूळ गाडी कोणती आणि बदललेली कोणती, हा प्रश्न शेतकऱ्याला पडत नव्हता, कारण गाडी चालती राहणे हेच तिचे मूळपण होते. जीप या जिल्ह्यात आली तेव्हा दुरुस्तीची ही वृत्ती आधीच येथे रुजलेली होती, ही बाब मोटारींच्या इतिहासात सहसा नोंदवली जात नाही, पण ती नोंदवलीच पाहिजे.

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याच्या गरजेतून झाला. विलिस कंपनीच्या या गाडीचे वैशिष्ट्य असे की, इंजिनाची शक्ती गरजेनुसार चारही चाकांकडे वळवता येई. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली ट्रान्स्फर केस ही दुय्यम पेटी त्यासाठी असते, आणि तिच्यातील ‘लो’ हा टप्पा वेग कमी करून चाकांवरील ओढ बरीच वाढवतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये लुधियाना येथे पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही संस्था फाळणीनंतर, १९४८ मध्ये, महिंद्र अँड महिंद्र झाली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील माझगाव येथे तिने अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून जीप उभ्या करण्यास आरंभ केला आणि पुढे परवान्याखाली त्यांचे उत्पादनही हाती घेतले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला परिचित झालेली जीप ही प्रामुख्याने सीजे-३बी या प्रकारची होती. तिचे बोनेट उंच होते, कारण आत बसवलेल्या हरिकेन इंजिनाची एक झडप वरच्या बाजूस असल्यामुळे ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झाले होते. पुढे अवजड डिझेल इंजिने बसवताना हीच उंची कामी आली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने जीप ही प्रथम सरकारची गाडी होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाने गटविकास अधिकारी आणि त्याची जीप ही जोडी देशभर निर्माण केली. त्यापाठोपाठ हिवताप निर्मूलन, वनखाते, पाटबंधारे आणि १९६२ पासून जिल्हा परिषद यांच्या जीप खेड्यांच्या पांदणींतून, म्हणजे शेतशिवारात जाणाऱ्या कच्च्या वाटांतून, फिरू लागल्या. पूस, अरुणावती, बेंबळा आणि ऊर्ध्व पैनगंगा या प्रकल्पांची कामे रस्त्यांपासून दूर, नदीच्या पात्रात आणि खोऱ्यांत चालणारी असल्याने चारचाकी ओढ असलेल्या गाडीशिवाय ती अवघडच ठरली असती. सरकारी सेवेतून काढलेल्या गाड्या लिलावात निघत आणि तेथून त्या मोठे शेतकरी, कापसाचे व्यापारी व ठेकेदार यांच्याकडे जात. जीपचे दुसरे आयुष्य येथून सुरू होते, आणि अभ्यासाच्या दृष्टीने ते पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक समृद्ध आहे.

लिलावातली जीप घेणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न पेट्रोलचा असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे दर वाढत गेले आणि हरिकेन इंजिनाची भूक शेतीच्या हिशोबात बसेनाशी झाली. तेव्हा विदर्भातील, आणि एकूण देशातील, गॅरेजांमधून पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवण्याचे काम सर्रास होऊ लागले. स्वतः महिंद्रनेही आधी आपल्या ट्रॅक्टरच्या वंशातील डिझेल इंजिन जीपला दिले आणि १९८०च्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या तंत्राचे २११२ घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन एमएम ५४० ही गाडी काढली, त्यामुळे मिस्त्रींना बसवण्याजोगी इंजिनेही जीपच्याच कुळातली मिळू लागली. काटकसर हे या बदलाचे एकच कारण नव्हते. पेट्रोल इंजिन विजेच्या ठिणगीवर चालते आणि नाला ओलांडताना डिस्ट्रिब्यूटरमध्ये, म्हणजे ती ठिणगी वाटून देणाऱ्या भागात, पाणी शिरले की ते बंद पडते. डिझेल इंजिनात इंधन दाबाने तापलेल्या हवेत पेटत असल्यामुळे ठिणगीची गरजच नसते, आणि हवा घेण्याचे तोंड पाण्याच्या वर असेपर्यंत ते चालत राहते. शिवाय कमी फेऱ्यांवर अधिक ओढ हा डिझेलचा गुण चिखलात नेमका हवा तोच आहे.

परंतु इंजिन बदलणे ही कामाची केवळ सुरुवात ठरते. डिझेल इंजिन जड असल्याने पुढचे पाटे, म्हणजे कमानीसारखे एकावर एक रचलेले पोलादी स्प्रिंग, दबतात आणि त्यांत एखादा पाटा वाढवावा लागतो. पाटा वाढवला की गाडी ताठ होते व स्टीअरिंग जड लागते. इंजिनाची थरथर सांगाड्याच्या, म्हणजे चासीच्या, पट्ट्यांपर्यंत पोहोचून इंजिनाच्या बैठकीपाशी चिरा पडतात, म्हणून तेथे आतून जाड पत्रा वेल्ड करून बळकटी द्यावी लागते. आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणाऱ्या यवतमाळच्या तापमानात मूळचा रेडिएटर अपुरा पडल्याने त्याहून मोठा बसवावा लागतो. एक दुरुस्ती दुसरीला जन्म देते, आणि हे सर्व गणित लिखित नकाशाशिवाय, लेथवर बुश कातून व बैठक हाताने जुळवून सोडवणारा मिस्त्री हा या इतिहासातला खरा अभियंता आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

लांबच्या प्रवासासाठी जीप सिद्ध करताना तर तिच्या मूळ रचनेतील विरोधच समोर येतो. सीजे-३बीच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियन, म्हणजे फिरत्या दांड्याची गती चाकांच्या दिशेने वळवणारी दातेरी जोडी, ५.३८ या प्रमाणाची आहे. चाकाच्या एका फेरीसाठी दांड्याला ५.३८ फेरे घ्यावे लागतात. पहिला गिअर, ट्रान्स्फर केसचा लो टप्पा आणि हे प्रमाण यांचा गुणाकार सदतीसच्या आसपास जातो, म्हणून ही गाडी पैनगंगेच्या वाळूतून किंवा पुसदच्या घाटवाटेवरून माणसाच्या चालीने, न थांबता चढू शकते. तीच गाडी जिल्ह्यातून वडकी, करंजी, पांढरकवडामार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आणली, म्हणजे श्रीनगर आणि कन्याकुमारी यांना जोडणाऱ्या देशाच्या कण्यावर आणली, की हेच प्रमाण तिचा शत्रू होते. डिझेल इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा मुळातच कमी असल्यामुळे थोड्याच वेगाला ते आपली परिसीमा गाठते, आणि दिवसभर तसे चालवले तर इंजिन व माणूस दोघेही थकतात. यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे क्राउन-पिनियन कमी प्रमाणाचे बसवणे. मात्र तसे करताना पुढच्या व मागच्या दोन्ही ॲक्सलचे प्रमाण एकच ठेवावे लागते, कारण ते वेगळे झाल्यास चारही चाकांची ओढ लावताच पुढची व मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि कडक जमिनीवर कुठला तरी दांडा वा दातेरी चाक तुटते. दुसरा मार्ग म्हणजे पाचव्या, ओव्हरड्राइव्ह गिअरची पेटी बसवणे, ज्यात चिखलातील ओढ शाबूत राहून महामार्गावर इंजिनाच्या फेऱ्या उतरतात. काळ्या मातीच्या जिल्ह्यातून दूरदेशी निघणाऱ्या गाडीसाठी दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे, जरी त्याने खर्च वाढतो आणि मागचा दांडा कापून आखूड करावा लागण्याची शक्यता असते.

टायरांबाबतही हाच ताण दिसतो. मूळ जीपचे सोळा इंची रिमवरील सहा इंच रुंदीचे अरुंद टायर पठारावरील पातळ मातीचा थर कापून खालच्या मुरमाला जाऊन भिडतात, म्हणून तेथे ते आजही उत्तम. रुंद टायर दिसायला भक्कम वाटतात, पण अशा जमिनीवर ते चिखलाच्या वरच तरंगत घसरत राहतात. ब्रेक मात्र निःसंशय बदलण्याजोगे आहेत, कारण जुन्या ड्रम ब्रेकमध्ये नाल्याचे पाणी व गाळ शिरून पकड जाते आणि ती परत यायला वेळ लागतो, तर उघड्या चकतीचे डिस्क ब्रेक लवकर कोरडे होतात.

१९९०च्या दशकात जीपचे लांबट वंशज काळीपिवळीच्या, म्हणजे सामायिक भाड्याच्या टॅक्सीच्या, रूपाने तालुक्याच्या ठिकाणांहून आठवडी बाजाराच्या गावांपर्यंत प्रवासी नेऊ लागले, तर २०००च्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावोगावी डांबर पोहोचवल्यावर चारचाकी ओढीची निकड ओसरली आणि बोलेरोसारख्या गाड्यांनी तिची जागा घेतली. त्यानंतर जुनी जीप बांधून घेणारा ग्राहक बदलला. आता तो प्रवासासाठी, हौसेसाठी, वाडवडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी येतो, आणि येथेच त्याची गाठ कायद्याशी पडते.

१९३९च्या मोटार वाहन कायद्याखाली वाहनातील फेरबदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेने करता येत असे. १९८८च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीने मात्र वाहनाचे तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरबदल करण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हाच अर्थ कायम केला. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये शुल्कात दहा वर्षांसाठी मिळणारी ही नोंदणी मूळ सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेल्या गाडीला मिळत नाही आणि तिच्याखाली नोंदलेली गाडी नियमित प्रवासासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या वस्तूचा मान राखणारा हा नियम स्वागतार्ह आहे; पण त्याची जुनेपणाची व्याख्या शहरी संग्राहकाच्या गाडीवरून बेतलेली आहे. लिलावातून येऊन डिझेल झालेली, पाटे वाढवलेली, चासी सांधलेली यवतमाळची जीप त्या व्याख्येत बसत नाही, कारण ती बदलली नसती तर पन्नास वर्षे जगलीच नसती. मूर्तिजापूर मार्गावरचे १९२१ साली मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त होऊन तेथे डिझेल इंजिन जोडले गेले, तरी शकुंतला म्हणून ओळखली जाणारी ती गाडी लोकांच्या लेखी शकुंतलाच राहिली. जीपलाही हाच न्याय लागू व्हायला हवा.

व्यवहारात आज ज्या बदललेल्या जीप उजळमाथ्याने लांबच्या प्रवासाला निघतात, त्या मुख्यतः जुन्या कायद्याच्या काळात इंजिनबदलाची नोंद करून घेतलेल्या आहेत. पंधरा वर्षांची पहिली मुदत संपल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना चासीवर कोरलेला क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहिला जातो, आणि त्या पुस्तकात पेट्रोल खोडून डिझेल लिहिलेली, अधिकाऱ्याची सही व शिक्का असलेली ओळ असेल तरच काम पुढे सरकते. मिस्त्रींनी आपल्या कामाचे नकाशे ठेवले नाहीत, गॅरेजांच्या वह्या बहुतेक नष्ट झाल्या. त्यामुळे कोणत्या साली कोणत्या गाडीत कोणते इंजिन बसले, याची लिखित साक्ष शोधायची तर ती प्रादेशिक परिवहन कार्यालयांच्या या जुन्या नोंदणी पुस्तकांतच शोधावी लागते, आणि संगणकीकृत प्रमाणपत्र हाती पडताच ती पुस्तके बहुधा रद्दीत जातात.