गोड्या पाण्याचा थर

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर, कल्याण मागे टाकीत ठाण्याच्या उत्तरेने वळते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. आम्ही तिच्या मधल्या टप्प्यावर राहतो आणि शिकवतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील रहिवाशांनी आपल्या नदीसाठी, तलावांसाठी, टेकड्यांसाठी जे काही केले त्याचा इतिहास लिहावा, असे मनात घेऊन आम्ही बसलो होतो. लिहू लागलो आणि ध्यानात आले, की आपल्याकडच्या प्रयत्नांचे मोल समजायचे तर आधी नदीच्या मुखाशी जायला हवे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर वसई ठाणे जिल्ह्यातलेच गाव होते.

एम.ए.च्या वर्गात एकदा फळ्यावर ‘बावखल’ हा शब्द लिहिला. कल्याण-डोंबिवलीच्या एकाही विद्यार्थ्याला तो ठाऊक नव्हता. विरारहून येणारी एक विद्यार्थिनी तेवढी हसली. बावखल म्हणजे वसईच्या वाडीतले गोड्या पाण्याचे खोदीव तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, मुरे आणि आजूबाजूच्या विहिरींना पोहोचे. त्यावर रहाट चाले. केळी, पानवेली, भाजी, फुले ही सारी बागायत या पाण्यावर उभी होती. राजेळी केळ्यांची सुकेळी आजही वसईची ओळख सांगतात. वाडीतला माल टोपल्यांतून पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाई.

या पाण्याचे एक गुपित आहे. किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा, की समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल, तर खाली त्याचा थर सुमारे चाळीस फूट असतो. वरचे फूटभर उपसले की खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. रहाट संथ होता. बैल थकत, रहाट थांबे, विहीर भरून येई. विजेचा पंप थकत नाही. विहिरी मचूळ होऊ लागल्या त्या पंप आल्यावर, आणि टँकर आल्यावर त्या गतीला धरबंद राहिला नाही. मुंबईलगतच्या वाढत्या वस्तीला आणि बांधकामांना पाणी हवे होते. वाडीतली विहीर हा विकण्याजोगा माल झाला. एक शेतकरी पाणी विकी आणि शेजाऱ्याचे केळीचे बन करपे. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो.

‘हरित वसई संरक्षण समिती’ १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. नंदाखालचे हे धर्मगुरू १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादक होते. समितीचे बळ मात्र वाडीवाल्यांचे, शिक्षकांचे आणि विशेषतः स्त्रियांचे. पाणी खारट झाले हे प्रथम कळते ते डाळ शिजवणाऱ्या हाताला. मागण्या साध्या होत्या : टँकरने पाणी नेणे थांबवा, हरित पट्टा राखा, बिल्डरांच्या सोयीने जमिनी खुल्या करू नका. त्या काळी एवढे बोलणेही सोपे नव्हते. १९८९ मध्ये नालासोपारा स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाची हत्या झाली. जमिनीच्या व्यवहाराला बंदुकीची सावली होती. अशा दिवसांत मोर्चात चालणाऱ्या माणसाचे धैर्य आज वाचनालयात बसून मापता येणार नाही.

समितीने काय मिळवले? उत्तर देताना आम्ही अडखळतो. पश्चिमेकडचा हिरवा पट्टा काही प्रमाणात टिकला, हे खरे. परंतु १९९० मध्ये सिडको या उपप्रदेशाची नियोजन प्राधिकरण झाली, ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि अनेक गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली दिसते. महापालिकेतून आपली गावे वगळावीत, हा गावकऱ्यांचा आग्रह पुढे आंदोलनातून न्यायालयात गेला. कित्येक बावखले भरावाखाली गेली. उरलेल्यांपैकी काही गेल्या काही वर्षांत गावातल्या तरुणांनी गाळ काढून पुन्हा मोकळी केली.

आता आपल्या बाजूकडे वळू. उल्हासच्या मधल्या टप्प्यावर असे आंदोलन त्या जोमाने का उभे राहिले नाही? आमच्या पिढीच्या अनास्थेला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. डोंबिवलीच्या चाळीत वा सदनिकेत आलेल्या मध्यमवर्गाची येथे विहीर नव्हती, वाडी नव्हती. पाणी नळातून आले. नदी बिघडल्याचे जिभेला कळले नाही, कारण मध्ये जलशुद्धीकरण केंद्र होते. वसईकराने जे डोळ्यांदेखत गमावले, ते येथल्या कार्यकर्त्याला आधी नकाशावर शोधावे लागले. म्हणूनच येथला लढा कागदाच्या वाटेने गेला. डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातील सांडपाण्याबद्दल ‘वनशक्ती’ ही संस्था राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये लवादाने कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठावला. जलपर्णीने नदी झाकली गेली तेव्हा, २०२१ मध्ये, कल्याणजवळ मोहने येथे कार्यकर्ते थेट नदीच्या पात्रात बसले. कागदाकडून पुन्हा पाण्याकडे आलेले हे पाऊल आम्हांला महत्त्वाचे वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांनाही येथे थोडे ओशाळायला हवे. दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निवड जाहीर झाल्यावर विरोध झाला, आणि चर्चा त्यांच्या धर्मगुरुपदाभोवती फिरत राहिली. समर्थन करणाऱ्यांनी ‘सुबोध बायबल’चा साहित्य अकादमी पुरस्कार पुढे केला. पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीने त्यांच्या मराठीला काय दिले, हा प्रश्न समीक्षेने जवळजवळ विचारलाच नाही. आम्हीही विचारला नाही. ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, ख्रिस्ती साहित्य अशा कप्प्यांत विहिरीला जागा नव्हती. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युलेखांत हरित वसईचे नाव आले, ते बहुधा एका वाक्यापुरते.

तरीही या चळवळीची आरती ओवाळून थांबता येत नाही. वसई-विरारची तहान भागवायला उसगाव, पेल्हार आणि मुख्यतः सूर्या प्रकल्पाचे पाणी आले. सूर्याचे पाणी सिंचनासाठी होते, ते शहरांकडे का वळवता, असे डहाणू-पालघर भागातील आदिवासी शेतकरी विचारीत आले आहेत. आपल्याकडे शहापूर तालुक्यातील तानसा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.